खुशालरावांची पायगुणाची फाइल

खुशालरावांच्या अमरावतीच्या कारखान्यात डाळमिलच्या मशिनी बनत, आणि त्या कारखान्यात सतरा वर्षांत कोणी कोरी फाइल उघडली नव्हती. कारण पायगुण. कॉम्प्युटरवर काढलेलं पहिलंच ड्रॉइंग असं लाभलं की त्यावर पाठोपाठ नऊ मशिनी विकल्या गेल्या. तेव्हापासून नेम ठरला : नवी मशीन काढायची तर आधीच्या मशीनची फाइल उघडायची, आतलं सगळं पुसायचं, नवं काढायचं आणि नवं नाव द्यायचं. सगळ्या फाइली कशा एकाच कुळातल्या. डोळ्यांना पुसलेलं दिसे, पण फाइलच्या पोटातलं काही हलत नसे. जुन्या मशिनींचे लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागदच समजा, आत तसेच साचत गेले. शेवटी फाइल अशी सुस्तावली की तिच्यावर क्लिक करून माणूस इर्विन चौकात चहा पिई, दोघांशी भांडे, समेट करून परत येई, तरी ही बया रवंथच करत बसलेली.

त्या कारखान्यात आचल ड्रॉइंग काढायची. तिवस्याहून रोज एसटीनं यायची. सहा महिने खपून तिनं तुरीची मशीन काढली होती, जिच्यात दाणा चुरा न होता नीट दुभंगावा. अकोल्याच्या मिलमालक उत्तमरावांनी मशीन पास केली तर ड्रॉइंगच्या कोपऱ्यात तुझं नाव, असा खुशालरावांनी शब्द दिला होता. त्या कोपऱ्यात आजवर एकच नाव बसलं होतं, खुशालरावांचं. ज्या मशिनी त्यांना स्वतःला कळल्या नाहीत त्यांच्यावरसुद्धा.

आचलची एक खोड होती. लेयरना ती घरच्या वावरांची नावं द्यायची, तीही मराठीत : बरडाचं, नाल्याकाठचं, विहिरीचं, अशी अकरा. खुशालराव विचारायचे, मशीन काढून राहिली का सातबारा?

तर मे महिन्यात दोघं उत्तमरावांच्या मिलमध्ये पोचले. अकोल्यात मे महिन्यात उघड्यावर ठेवलेली तूर मशीनशिवायच फुटून डाळ होते, असं तिथली माणसं शपथेवर सांगतात. मग मिल कशाला, हे विचारायचं नसतं. दुपारचे अडीच झाले होते. उत्तमरावांना चारच्या गाडीनं लग्नाला निघायचं होतं आणि त्याआधी मशीन ठरवायची होती. दुसऱ्या कारखान्याचं ड्रॉइंग टेबलावर येऊन पडलंच होतं.

आचलनं लॅपटॉप उघडला, फाइलवर क्लिक केलं. पडद्यावर आलं की ही फाइल वैध नाही.

तिनं दुरुस्तीचा हुकूम दिला. आकडा बासष्ट टक्क्यांपर्यंत चढला आणि तिथंच बसला. बॅकअप काढला, तोही बासष्टलाच बसला; तो तरी कुठल्या परक्या घरचा होता? खुशालरावांनी घाम पुसला आणि हळूच सुचवलं की जुन्या मशीनचं ड्रॉइंग मोबाइलात आहे, ते दाखवून मोकळं होऊ. त्याच्या कोपऱ्यात कोणाचं नाव होतं, ते आचलला सांगायची गरज नव्हती.

तिनं खिडकीबाहेर पाहिलं. आवारात नत्थुजी मिस्त्री तुरीचं नवं पोतं चाळणीवर ओतत होता. खडे, ढेकळं, काड्या वर राहत होत्या आणि दाणा तेवढा खाली उतरत होता. अख्खं पोतं कोणी मिलमध्ये ओतत नाही.

"भाऊ," ती म्हणाली, "कोरी फाइल उघडा लागते. हिच्यातले माह्ये लेयर तेवढे चाळून तिच्यात घेतो."

"कोरी? सतरा सालात घरी नाही उघडली, अन् आज लोकाच्या दारात उघडू?"

"खुशालभाऊ," उत्तमराव म्हणाले, "तुमची पायगुणाची तं पाय वर करून पडली हाय. आता पोरीले करू द्या."

खुशालरावांनी खुर्ची भिंतीकडे फिरवली. आपण काही पाहिलं नाही, असं त्यांनी भिंतीला सांगून ठेवलं.

पूर्ण फाइल न उघडता निवडक लेयर मागवायची सोय असते. आचलनं यादी मागवली. अकरा हजार नावं! कारखान्यातून गेलेली एकूण एक मशीन त्यात हजर होती. दोन तर अशा, ज्या अजून कोणी बनवल्याच नव्हत्या. पण जुनी नावं सगळी इंग्रजीत. कॉम्प्युटरनं मराठी नावं शेवटच्या बाकावर बसवली होती, अकराच्या अकरा, ओळीनं. तिनं त्यांच्यावर खुणा केल्या आणि बटण दाबलं.

साठ. एकसष्ट. बासष्ट. छताचा पंखासुद्धा पाहायला थांबला.

त्रेसष्ट.

मग काय, बरडाचा सांगाडा उभा राहिला, नाल्याकाठचे रोलर त्यात बसले, विहिरीचा दांडा आरपार गेला. तिनं सगळं कोऱ्या फाइलीत ओढून घेतलं, तपासणी लावली. चुका शून्य. फाइल इतकी हलकी झाली की ती भरून घेतलेला पेन ड्राइव्ह टेबलावरून उडू नये म्हणून उत्तमरावांनी त्यावर पेपरवेट ठेवला.

मग त्यांनी चष्मा लावून पाऊण तास मशीन उलटीपालटी करून पाहिली. दाणा कुठं अडकेल, रोलर झिजला तर कसा बदलायचा, सगळं विचारलं. आचल प्रत्येक उत्तराला पडद्यावर बोट ठेवत गेली. शेवटी त्यांनी टेबलावरचं दुसरं ड्रॉइंग गुंडाळून खणात टाकलं.

"पास. पण हा कोपरा रिकामा कावून? नाव कोणाचं टाकाचं?"

नावाची चौकट जुन्या फाइलीतली होती, चाळणीच्या वरच राहिली होती. खुशालरावांनी खुर्ची फिरवली. लॅपटॉप आपल्याकडे ओढला. कीबोर्ड आता त्यांच्याच हाताशी होता. मग त्यांनी लॅपटॉप आचलपुढे सरकवला.

"तुहं लिव," ते म्हणाले. "पुरं लिव, बापासकट."

तिनं लिहिलं. त्या अक्षरांसमोर बाकीची मशीन जरा लहानच दिसू लागली.

परतीच्या एसटीत खुशालरावांनी मूर्तिजापूरपर्यंत झोप काढली. मग त्यांनी नवा नेम सांगितला : उद्यापासून हरएक मशीन याच फाइलीत काढायची, हिचा पायगुण चांगला आहे.

आचल हो म्हणाली. उद्या कोरीच फाइल उघडायची, हे तिचं ठरलेलं होतं. अडचण एकच होती. लेयरच्या नावांना घरची अकरा वावरं तर संपली. आता मामाची घ्यावी लागणार होती.