ओठांतल्या टाचण्या

टेलरमामाच्या थोरल्या लेकीला जुळं झालं, त्याच वर्षी भाऊ तिसऱ्यांदा नगराध्यक्ष झाला. सत्काराचा कोट शिवायला तो टेलरमामाकडेच आला. दोघं शाळासोबती. प्रत्येक निवडणुकीत मामाने दुकान बंद ठेवून त्याच्यासाठी चपला झिजवलेल्या.

दुपारचं ऊन आरशावरून हळूहळू सरकत होतं. खडूची पूड त्यात तरंगत होती. भाऊच्या अंगावर कच्च्या टाक्यांचा कोट, एकाच बाहीचा. मामाच्या ओठांत टाचण्या. तीस वर्षं असंच चाललेलं. भाऊ आरशाशी बोलायचा आणि मामा नुसता हुंकार भरायचा. ते बोलणं ऐकताना मामाला वाटे, आपण पाण्याच्या तळाशी बसलोय नि वरून होडी चाललीय.

"प्रसूतिगृह पाडून तिथे सभागृह बांधतोय," भाऊ म्हणाला. "लोक बघत राहतील!"

मामाने एकेक टाचणी ओठांतून काढून उशीला टोचली.

"प्रसूतिगृहाला कुलूप लावलंस ते चुकलं, भाऊ. माझी लेक रिक्षात बाळंत झाली."

"अरे, मग मला फोन करायचास! तुझ्या लेकीसाठी गाडी पाठवली नसती का?"

"माझी सुखरूप आहे. ज्यांच्याकडे तुझा नंबर नाही, त्यांचं बोलतोय."

"म्हणजे तूही फिरलास?"

"मत तुलाच दिलं, पुढेही तुलाच देईन. मग मी नाही तर कुणी सांगायचं?"

काज करणारी मामी मान वर न करता म्हणाली, "भाऊजी, पोट सोडा आता. श्वास कोंडून किती वेळ उभे राहाल?"

भाऊने कोट काढून खुर्चीवर टाकला आणि निघून गेला.

कोट खुंटीला लागला. वारा आला की त्याची छाती फुगायची, पुन्हा बसायची. मामा मशीनवरून त्याच्याकडे बघत राही. सकाळचा चहा दोघांचा असायचा, तो आता एकट्याचा झाला. आपण दोस्त गमावला, असं त्याला रोज वाटे, आणि बोललो ते चुकलं असं एकदाही वाटलं नाही.

आठ महिन्यांनी भाऊ आला. आरशासमोर उभा राहिला आणि आपणहून पोट सैल सोडलं.

"कुलूप?" मामाने विचारलं.

"सोमवारी काढलं. बाही लाव."

मामाने टाचण्या ओठांत धरल्या. बाही खांद्याला जुळवली.

त्यानंतर दोन वर्षांनी, एका मंगळवारी सकाळी, भाऊ वारला. टेलरमामा गेला तेव्हा जुळी सातवीत होती.