हरेश नावाचा इथे कोणी नाही

रोह्याच्या नदीपलीकडच्या अष्टमी गावात मला कॉन्सुल म्हणतात, परक्या देशात आपल्या माणसांची कामं बघणारा वकिलातीतला अधिकारी असतो तसा. सरकारने नेमलेलं नाही, पगार नाही, गाडीवर झेंडा नाही. मुळात गाडीच नाही. आयुष्याची मधली सगळी वर्षं आखातात काढून मी परत आलो आणि तेव्हापासून ज्याचा तिकडे पगार अडकतो, ज्याचा व्हिसा संपतो, जिच्या नवऱ्याचा फोन लागत नाही, ते सगळे माझ्या ओटीवर येऊन बसतात. सलीमा, माझी बायको, चहा करून करून वैतागते. "दुनियेचे वकील," ती म्हणते, "आणि घरचं दळण आणायला विसरतात." विसरतो खरा.

सोमा वाघमाऱ्याचा मुलगा हरेश असाच माझ्या गळ्यात पडला. रोह्याच्या पुढचं वरसे गाव ओलांडलं की डोंगराच्या पायथ्याशी आदिवासीवाडी आहे, तिथला हा पोरगा. पेणजवळ जोहे गावात गणपतीच्या कारखान्यात मूर्ती घासायचं काम करायचा. पेणच्या एका एजंटाने त्याला आखातात सफाईकामाला पाठवलं. विमानात बसणारा तो वाडीतला पहिलाच. तिकडे वर्षभरात कंपनी बुडाली, मालक पळाला आणि कामगारांचे पासपोर्ट ज्या कपाटात होते ते कपाटही गायब झालं. वर हरेशला कावीळ झाली. बाकीचे कामगार वकिलातीचे दाखले मिळवून एकेक करून घरी परतले, हा मागे राहिला.

त्यातल्या त्यात बरं म्हणजे तिथल्या सरकारने माफी जाहीर केली होती. ज्यांच्याकडे कागद नाहीत त्यांनी महिनाअखेरपर्यंत देश सोडावा, दंड नाही, तुरुंग नाही. त्यानंतर मात्र जो सापडेल तो आत. आपल्या वकिलातीने हरेशसाठी प्रवासाचा तात्पुरता दाखला तयार ठेवला होता. फक्त एक अडचण होती. कॉम्प्युटरमध्ये सापडलेल्या त्याच्या पासपोर्टच्या फोटोत गुबगुबीत गालांचा पोरगा होता, आणि समोर उभा होता काविळीने वाळलेला दाढीवाला. हे दोघे एकच, हे गावाकडून कळायला हवं होतं. म्हणून रोह्याला पोलिसांकडे चौकशी आली.

मी निवांत होतो. मग वकिलातीतल्या कॉन्सुल मॅडमचा फोन आला.

"लतीफचाचा, रिपोर्ट आलाय. त्या वाडीत हरेश नावाचं कोणी राहत नाही, राहत नव्हतं."

"मॅडम, सुट्टीवर आलो होतो तेव्हा त्याच्या बारशाच्या घुगऱ्या मी खाल्ल्यात!"

"मग त्याला तिथे कोणी ओळखत कसं नाही?"

माझं डोकं सणकलं. रिक्षा केली, पूल ओलांडला आणि तणतणत वाडीवर गेलो. भातकापणी उरकली होती, वीटभट्ट्यांच्या कामाला अजून कोणी बाहेर गेलं नव्हतं, त्यामुळे वाडी भरलेली होती. सोमा अंगणात कुडाला काठ्या बांधत बसला होता. त्याची बायको पुतळी चुलीपाशी.

"पोलीस आलेले का रे इथं?"

"आलेले," सोमा म्हणाला. "हरेसचा विचारीत होते."

"आणि तू काय सांगितलंस?"

"सांगितला, असा कोन इथं नाय." आणि हे सांगताना त्याची छाती चक्क फुगली होती. "सगल्या वाडीनं तसाच सांगितला. येका पोरानंबी तोंड उघडला नाय."

"फोटो दाखवला त्यांनी?"

"दाखवला," पुतळी म्हणाली. "मी बोलले, ह्यो कोन गो बाई, कदी बघला नाय."

मी कपाळावर हात मारून घेतला. तोंडाला येईल ते बोललो. अक्कल काढली, सात पिढ्या काढल्या. सोमाने सगळं ऐकून घेतलं आणि मग शांतपणे म्हणाला, "लतीफभाय, पोलीस नाव घेऊन आला, का आमी त्या मानसाला वलखत नाय. माज्या आज्यापासना असाच हाय. कुठं कोंबडी गेली तरी पयला पोलीस हितं यायचा. वलख दिली का मानूस जायचा. नाय दिली तं वाचायचा."

माझा राग कुठल्या कुठे गेला. ही बाई स्वतःच्या पोराच्या फोटोकडे बघून, आत काय तुटलं असेल ते असेल, पण डोळ्याची पापणी न हलवता म्हणाली होती की मी याला ओळखत नाही. पोराला वाचवायचं म्हणून. यापेक्षा जास्त माया कुठल्या आईने केली असेल, मला माहीत नाही. पण हीच माया आता पोराला तुरुंगात धाडणार होती.

मी तिथूनच मॅडमना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"चाचा, आमचं हे काम किती जुनं आहे माहितीये? परक्या बंदरात उतरलेले व्यापारी आपल्यातलाच एक जण निवडायचे. भांडणं तो मिटवायचा, आणि कोणी धरला गेला तर तिथल्या राजापुढे उभं राहून सांगायचा, हा आमचा माणूस आहे. पुढे राजे आपले कॉन्सुल नेमायला लागले. त्यांनी तह घडवले, व्यापार वाढवला, काहींनी हेरगिरी केली, काहींनी तर लढाया लावून दिल्या. पण मूळ काम तेवढंच. हा आमचा आहे, असं मी इथे सांगायला तयार आहे. पण तिकडून आधी कोणीतरी मला तसं सांगायला हवं ना?"

"कोणी सांगायचं?"

"ज्यांनी नाही म्हटलं त्यांनीच. पोलिसांपुढे. ठाण्याशी मी बोलते, हरेशला इथे बोलावून घेते, पण माणसं तुम्ही न्या."

मी हे वाडीला समजावलं. सोमाने हातातली काठी खाली ठेवली.

"आपल्या पायानं ठान्यात जायाचा? आनी जाऊन सांगायचा का आमी तुमच्याशी खोटा बोललो?"

"व्हय."

"मना नाय जमायचा. माज्या बापाला असाच नेलेला, दोन सबूद इचारायचेत म्हनून. आला तो काठी टेकीत. परत कदी सरल चालला नाय."

मी परत जायला उठलो तर पुतळीही उठली. तिने चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं, पदर खोचला.

"मी जाते," ती म्हणाली. "मीच बोलले ना, बघला नाय? मीच सांगन, माजा हाय."

ती निघाली तशी तिची जाऊ निघाली. मग शेजारचा काळुराम, मग पोरंबाळं, म्हातारी धोंडी काठी टेकत. बघता बघता सगळी वाडी वरशाच्या रस्त्याला लागली. सोमा सगळ्यात मागून, अंतर राखून, जसा काही आमच्यातला नव्हेच.

ठाण्याच्या दारात मोकल हवालदार चहा पीत उभे होते. "काय लतीफभाई, मोर्चा काढलात काय?"

पुतळी पुढे झाली. "सायब, तुमी फोटू दाखवलेला. आमी खोटा बोललो. ह्यो माजा पोरगा हाय."

मोकलांनी कप खाली ठेवला. "मी उन्हातान्हात तुमच्या वाडीवर आलो, घरोघर विचारलं. तेव्हा कोणीच ओळखत नव्हतं, आणि आज सगळेच ओळखता? आज खरं बोलताय कशावरून?"

प्रश्न रास्त होता. मॅडमनी आधीच फोन केला होता म्हणून त्यांनी आम्हाला आत तरी घेतलं. सोमा मात्र फाटकाबाहेरच थांबला. मी माझ्या फोनवर व्हिडिओ लावून तो टेबलावर उभा केला. आधी मॅडम दिसल्या. त्यांनी फोन फिरवला आणि समोर हरेश आला. गाल बसलेले, दाढी वाढलेली, डोळे पिवळट. पुतळी फोनसमोर सरकली.

"बाळा," मोकल फोनवर वाकून म्हणाले, "ही बाई कोण, ओळखतोस?"

हरेशने आईकडे पाहिलं. मग तिच्यामागची खाकी वर्दी पाहिली, भिंतीवरच्या बेड्या पाहिल्या. त्याचा चेहरा दगडासारखा झाला.

"नाय," तो म्हणाला. "ही कोन, मना ठाव नाय. कदी बघली नाय."

"हरेश!" मी ओरडलो. तिकडे मॅडमनी डोक्याला हात लावला. महिनाअखेर, माफी, दाखला, सगळं माझ्या डोळ्यांसमोर बुडायला लागलं. माझ्या लक्षात आलं होतं. पोराला वाटलं, आईला पकडून आणलंय. वाडीने त्याला वाचवलं तसं तो आता तिला वाचवत होता. पण हे पोलिसाला कसं पटवायचं?

मोकल एकदा फोनकडे, एकदा पुतळीकडे बघत राहिले. काही बोलणार तेवढ्यात दारातली माणसं बाजूला झाली आणि सोमा आत आला. उंबऱ्यावर पाय अडखळला, पण आला. घामाने अंगरखा पाठीला चिकटला होता. तो सरळ टेबलापाशी गेला.

"सायब, मी सोमा वाघमारे. ह्यो माजा पोरगा. लिवा."

पडद्यावरचा दगड फुटला.

"बाबा? तुला ठान्यात कोनी आनला?"

"कोनी नाय आनला," सोमा म्हणाला. "आपल्या पायानं आलो. आये पन आपल्या पायानं आली. तू ये आता घरी."

"आये," हरेश म्हणाला, आणि एवढा बाप्या माणूस तिथे वकिलातीत लहान पोरासारखा हमसून रडायला लागला.

मोकलांनी पेन उचललं. "बापाला कोणी आणलं ते विचारतोय," ते स्वतःशीच म्हणाले. "आणखी काय पुरावा पाहिजे?" लिहिता लिहिता त्यांनी पायाने खुर्ची सोमाकडे सरकवली. सोमाने खुर्चीकडे पाहिलं, मोकलांकडे पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा पोलीस ठाण्यात बसला.