कोरडीच भरलेली छागल

मी छागल बोलतेय. जाड कॅनव्हासची, पाणी गार ठेवणारी पिशवी. आज दवाखान्याच्या जीपला पुढं लटकते, तोऱ्यात. पहिल्याच दिवशी मात्र माझी अब्रू जायची वेळ आली होती.

बहात्तरच्या दुष्काळातला उन्हाळा. शेवगावपासून सव्वीस मैलांवरच्या धर्मादाय दवाखान्यात गोरक्षनाथ कंपाउंडर होता. आजाऱ्याला बाजेवर घालून आणायचं, कुणी कुणी वाटेतच जायचं. म्हणून तो शेवगावच्या राधाकृष्णशेठच्या जुन्या जीपसाठी त्यांच्या मागं लागला होता. कंटाळून शेठ चारचौघांत थट्टेनं म्हणाले, "उन्हाचा इथनं दवाखान्यापर्यंत पळत जा. कुठं बसला नाहीस तर जीप तुमची." गोरक्षनाथानं तो शब्द धरूनच ठेवला.

त्याचा मित्र खाजाभाई सायकलवर सोबत निघाला. मला विकत आणलं ते त्यानंच. नवी छागल आधी रात्रभर भिजत घालायची असते, धागे फुगले की गळत नाही. हे त्याला पक्कं ठाऊक. पण घरात पाणी दीड हंडा. भिजवण्यात कुठं घालवू, म्हणून त्यानं मला कोरडीच भरली. त्याला तरी काय बोलणार?

व्हायचं तेच झालं. हँडलला अडकवल्यापासून मी सगळ्या अंगानं गळत होते. अर्ध्या वाटेत माझ्यात घोटभरही उरलं नाही. गोरक्षनाथाचे ओठ फुटले, पाय लटपटायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"गोरखभाऊ, बस आता. मरू दे ती जीप," खाजाभाई म्हणाला.

"बसलो तर गेलीच की," गोरक्षनाथ पुटपुटला.

पुढं दुष्काळी कामावर बाया खडी फोडत होत्या. टँकर आला नव्हता. त्यांच्यातल्या लंकाबाईनं विचारलं, खाजाभाईनं सगळं सांगितलं. तिनं आपली कळशी उचलून माझ्या तोंडाला लावली.

"अगं, दिसभराचं पानी हाय ते," शेजारीण म्हणाली.

"माजी सून अवघडल्याली हाय. गाडी आली तर तिलाच व्हईल," लंकाबाई म्हणाली.

आता हेही गळणार, या भीतीनं माझं पाणी पाणी व्हायचं बाकी होतं. पण सकाळपासून गळून गळून माझे धागे चांगले फुगले होते. एक थेंब खाली पडला नाही. हुश्श! गोरक्षनाथ उभ्यानंच प्याला, आणि मग दर मैलाला घोट घोट.

दवाखान्याच्या दारात शेठ जीप घेऊन थांबले होते. "बसला का कुठं?" त्यांनी विचारलं.

"न्हाई शेठ," खाजाभाई म्हणाला. तो खोटं बोलत नाही, हे अख्ख्या शेवगावाला माहीत. शेठनी किल्ली काढून दिली, आणि गोरक्षनाथ पहिल्यांदा खाली बसला. माझा जीव तेव्हा भांड्यात पडला.

तुम्ही नवी छागल आणलीत तर आधी भिजवा बाबांनो. ते पाणी वाया जात नाही.

पंधरा दिवसांनी त्याच जीपमधून लंकाबाईची सून आली. वाटेत तिनं पाणी मागितलं. लंकाबाईनं माझं बूच काढलं आणि तिला पोटभर पाजलं. नात जन्मली तेव्हा मी अजून निम्मी भरलेली होते.