साहेबांचा सोनेरी काठाचा कप

मित्रांनो, मी गाझियाबादमधल्या पंख्यांच्या कारखान्यातला एक जुना कप आहे. साधासुधा नव्हे, साहेबांचा! खुर्जाच्या भट्टीत भाजलेला, काठाला सोनेरी रेघ आणि खाली जोडीची बशी.

अण्णासाहेब मॅनेजर होते तोवर माझा थाट काय सांगू! बाकीचे सगळे काचेच्या ग्लासातून चहा पीत. चपराशी दिलीप मला वेगळ्या फडक्याने पुसत असे. अण्णासाहेब ओरडले की मी बशीत खडखडे आणि समोरचे सगळे नुसते "जी साब, जी साब" करत. केवढा तो मान! विकलेले पंखे मात्र जळून परत येत.

मग बाजार खुला झाला. दिल्लीच्या दुकानांत परदेशी पंखे दिसू लागले. मालकांनी अण्णासाहेबांच्या जागी जयदीपसाहेबांना आणले आणि बजावले, "ही मोठी ऑर्डर धड गेली नाही, तर कारखान्याला टाळं!"

पहिल्याच दिवशी जयदीपसाहेबांनी मला पाहून विचारले, "बाकी लोग किसमें पीते हैं?"

"गिलास में, साब," दिलीप म्हणाला.

"तो मुझे भी गिलास में दीजिए, दिलीपजी."

दिलीपजी! आणि मी काचेच्या कपाटात! साहेब ग्लास घेऊन थेट दाराबाहेरच्या बाकावर कामगारांत जाऊन बसले. बोटे भाजली तसे सगळे हसले, तेही हसले. माझ्या अंगाची लाही लाही झाली. त्या ग्लासांना रूप ना रंग, एकाचा तर काठाचा टवका उडालेला. त्यांतला एखादा फुटावा, असे मी रोज मनात म्हणे. एक फुटलासुद्धा. साहेबांनी दुसऱ्या दिवशी नवे सहा आणले.

ऑर्डर निघायच्या आदल्या दिवशी सर्वांत जुने मिस्त्री मारुतीराव चहाचा ग्लास घेऊन बाकावर साहेबांसमोर आले.

"साहेब, माझी चूक झालीय. कालच्या मोटरींना बारीक तार लागली. पंखे आज फिरतील, पण महिन्याभरात जळतील."

आता साहेब रागाने ग्लास भिंतीवर फोडणार, म्हणून मी आनंदलो. साहेबांचा चेहरा उतरला. पण त्यांनी ग्लास बाकावर अलगद ठेवला.

"बरं झालं आजच सांगितलंत, मारुतीराव. बोला, काय करूया?"

"सगळ्या उघडून परत गुंडाळायच्या. पोरं थांबायला तयार आहेत, मी विचारलंय."

पाळी सुटली तरी कुणी घरी गेले नाही. साहेबही बाह्या सरसावून तार सोडवायला बसले. ऑर्डर वेळेवर गेली. त्यातला एकही पंखा परत आला नाही आणि टाळे टळले.

मत्सराने मी आजही जळतो. चुका अण्णासाहेबांच्या वेळीही होत होत्या आणि मिस्त्री मारुतीरावच होते. पण माझ्यासमोर त्यांनी कधी तोंड उघडले नाही. खरी गोष्ट ऐकायचा मान त्या टवका उडालेल्या ग्लासांना मिळाला.

मित्रांनो, उद्या तुम्हीही साहेब व्हाल. कुणीतरी तुमच्यासाठी वेगळा कप काढेल. सांगताना माझा जीव तुटतो, पण तेव्हा मला कपाटातच राहू द्या.