गिरजाचं बी

देव बुडवायला प्रभावतीची ना नव्हती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे वस्तीनं तिच्याबद्दल जे बोलायचं ते मनसोक्त बोलून घेतलं. दुसऱ्याच्या घरातलं रडू कशाचं आहे हे वस्तीला नेहमी त्या घरापेक्षा जास्त कळतं.

तिचा नवरा भीमराज दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये कापसाचे बोजे उचलायचा. छप्पन सालच्या दसऱ्याला तो नागपूरला गेला आणि दीक्षा घेऊन आला. अंगात पांढरा सदरा, डोळ्यांना दोन रात्रींचं जागरण, पण चेहरा असा की जणू कुणी पाठीवरचं ओझं उतरवून ठेवलंय. घरात पाय ठेवल्या ठेवल्या म्हणाला, "प्रभे, आता आपण कोणाच्या पाया पडाचं नाही. माणसाच्या नाही अन् दगडाच्याही नाही."

"मंग त्या मरीमायले पयले बुडवा," प्रभावती म्हणाली. "मी सोता नेऊन देतो."

तिचा मरीमायवर राग होता, आणि तो साधा राग नव्हता. श्रावणात त्यांची गिरजा गेली होती. एकुलती एक, बारा वर्षांची पोर. सकाळी पटकी लागली. शेजारची म्हातारी रुखमाबाई म्हणाली, मायचा कोप आहे, कोंबडी द्या. कोंबडी दिली, नारळ फोडला, लिंबू उतरवलं. या सगळ्यात जी वेळ गेली ती गेलीच. दुपारी बैलगाडी जुंपून दिग्रसच्या दवाखान्याकडे निघाले, तर पोरगी अर्ध्या वाटेत बापाच्या मांडीवर गेली. भीमराजला पुढे सगळं विसरता आलं असतं, ती कोंबडी विसरता येत नव्हती. आपण डॉक्टरच्या आधी दगडाकडे गेलो, हे त्याच्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं होतं.

गिरजाला एक खूळ होतं, कांद्याचं. यांना जमीन ना जुमला. घराच्या मागे न्हाणीचं पाणी जिरायचं तिथे बाजेएवढी ओली जागा, तेवढंच काय ते शेत. कुठल्याशा बागवानीणीकडून तिनं चिमूटभर बी मागून आणलं. पहिल्यांदा नुसतं फेकलं आणि इतकं पाणी घातलं की सगळं माना टाकून कुजलं. मग टोपलीत शेणखत आणि राख घालून पेरलं, तर कोंबडीनं एका सकाळी सगळं उकरलं. दुसरी एखादी पोर सागरगोटे खेळायला निघून गेली असती. हिनं उरलेलं बी ओल्या चिंधीत बांधलं आणि ती चिंधी कमरेला लावून हिंडायला लागली. म्हणे, अंगाच्या उबेनं मोड लवकर येतो. प्रभावती करवादायची, "पोट्टे, कांदे का बजारात भेटत नाही? कायले हे धंदे?" पण चिंधीत पांढरे मोड आले. फुटक्या माठाच्या खापरात चाळलेली माती भरून गिरजानं ते वर पसरले, वरून मातीचा हलका थर दिला, कापसाच्या वाळल्या पळाट्यांची सावली केली आणि पाणी हातानं शिंपडलं. रोप आलं. कांदेही आले, लिंबाएवढे.

ते कांदे तिनं कुणाला खाऊ दिले नाहीत. भाकरीबरोबर एक मागितला तर बापाशीसुद्धा भांडली. पुढच्या थंडीत तेच कांदे परत लावले, त्यांना फुलांचे दांडे, डेंगळे आले, डेंगळ्यांवर पांढरे गोंडे फुलले, वाळले, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी तिनं तळहातावर चोळून काळंभोर बी काढलं. जुन्या परकराच्या तुकड्यात त्याची पुरचुंडी बांधून आईच्या हातात दिली. "आई, औंदा आपलं घरचं बी. कोणाले मांगाचं काम नाही. उंदरापासून जपून ठेव."

प्रभावतीनं ती देवाच्या कोनाड्यात ठेवली, देवांच्या मागे. त्या घरात तेवढी एकच जागा अशी होती की जिथे कुणी उगाच हात घालत नव्हतं. कार्तिकात पेरायचं होतं. पेरणारी श्रावणात गेली. पण पुरचुंडी होती, आणि प्रभावतीनं मनात पक्कं धरलं होतं की कार्तिकात आपण पेरायचं. गिरजाच्या हातचं असं घरात तेवढंच राहिलं होतं. पोरगी गेली, तिचं बी तरी उगवलं पाहिजे. याहून जास्त तिनं कुणाकडे काही मागितलं नाही.

ज्या दिवशी वस्तीनं आपापले देव नदीच्या डोहावर न्यायचं ठरवलं, त्या दिवशी प्रभावती कापूस वेचायला गेली होती. संध्याकाळी ओटीतला कापूस मोजून देऊन घरी आली तर कोनाडा पांढऱ्या मातीनं सारवलेला, त्यात बुद्धाची तसबीर, पुढे झेंडूचं फूल. भीमराज चुलीपुढे बसून स्वतः पीठ मळत होता.

तिनं तसबिरीच्या मागे हात घातला. भिंतच लागली.

"इथचं... बंदं नेलं?"

"बंदं," भीमराज म्हणाला. "फडक्यात गाठोडं बांधलं अन् सगळ्यायच्या आधी मीच फेकलं. चिंधीसुद्धा मांगं ठेवली नाही."

आणि त्या संध्याकाळी तो पोटभर जेवला. पोरगी गेल्यापासून हा माणूस चतकोर चावून उठत होता. आज दोन भाकरी खाऊन वर ठेचा मागितला. प्रभावती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. आता याला काय सांगायचं? की बाबा, तू देवांबरोबर तुझ्या पोरीचंही बी बुडवून आलास? सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, इथे ते पाण्यात गेलं. तिनं गोष्ट गिळली आणि ठेचा वाढला.

पण तोंड मिटता येतं, डोळे कुठे मिटता येतात! विहिरीवर, वेचणीत, भाकरी थापताना तिच्या डोळ्यांना धार लागायची. रुखमाबाईनं पाहिलं आणि पदर तोंडाला लावून विचारलं, "देव आठवून राह्यले काय वं?" प्रभावती काही बोलली नाही. न बोलणं म्हणजे कबुली, असा रुखमाबाईचा कायदा होता. चार दिवसांत सगळ्या वस्तीत झालं, भीमराजची बायको देवासाठी रडते. जिनिंगमध्ये उकंडा नावाचा त्याचा जोडीदार होता, तो सगळ्यांदेखत म्हणाला, "लोकायचे देव बुडवाले भाऊ पुढं, अन् घरात काय चालू हाय?"

भीमराज तणतणत घरी आला. "दगडासाठी रडतं? काहून? पोरीसाठी तरी इतकी रडली होतीस का?"

हे बोलणं तिच्या फार जिव्हारी लागलं. पण तिनं ठरवलं होतं ना, याला कळू द्यायचं नाही, मग नाहीच.

दुसऱ्या दिवशी कोनाडा पुसताना सारवणाचा पोपडा निघाला आणि तिला सापडलं. कोनाड्याचा तळ फळीचा होता आणि फळी व भिंत यांच्यामध्ये एक फट होती. सारवणाखाली त्या फटीत वर्षानुवर्षांचा हळदीकुंकवाचा भुगा साचला होता, आणि त्या भुग्यात काळे दाणे. पुरचुंडीची गाठ सैल असणार, बारा वर्षांच्या पोरीनं बांधलेली. सुईनं कोरून कोरून तिनं ते सगळं बाहेर काढलं. चिमटीत मावेल एवढं होतं. तिला हसू आलं आणि तिथेच भिंतीला टेकून ती रडलीसुद्धा.

त्यातलं अर्धं तिनं टोपलीत पेरलं. वर कोंबडी येऊ नये म्हणून पाटी झाकली. बी उगवलं, कोपरात वाकलेले हिरवे दोरे वर आले, टोकाला काळं टरफल घेऊन. प्रभावती दिवसातून दहादा पाणी शिंपायला जायची. मायेला माप नसतं, तिथेच घात झाला. एका सकाळी पाहिलं तर सगळी रोपं बुडाशी बारीक होऊन आडवी पडलेली. पोरीनं पहिल्या वर्षी जी चूक केली होती तीच आई आता करून बसली होती. गिरजा होती तेव्हा आपण कधी जवळ बसून नीट पाहिलं नाही, नुसतं रागावलो, हे आठवून तिनं स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली.

उरलेलं अर्धं तिनं गिरजासारखं ओल्या चिंधीत बांधून कमरेला लावलं, लुगड्याच्या आत. रोज आडोशाला जाऊन चिंधी ओली करायची. पाचव्या की सहाव्या दिवशी गाठ सोडून पाहिली तर दाण्यांना पांढरी टोकं फुटली होती. भुग्यातलं कुंकू भिजून चिंधी लालपिवळी झाली होती, पण टोकं कशी स्वच्छ, दुधाच्या दातासारखी. तिनं गाठ परत बांधली. उद्या खापरात टाकायचं, आणि पाणी बेतानं. त्या दिवशी ती स्वयंपाक करताना गुणगुणत होती.

भीमराज जिनिंगमधून आला होता, दारात उकंडा तंबाखू मळत बसला होता. प्रभावती चुलीत फुंकर घालायला वाकली आणि लुगड्यातून दोरा बाहेर आला. दोऱ्याला चिंधी. चिंधीवर हळद आणि कुंकू.

"हे काय हाय?"

तिनं हातानं झाकलं. झाकायला नको होतं.

"ताईत? माह्या घरात? दीक्षा घेतल्यावर?" दारातला उकंडा तंबाखू मळायचा थांबला. भीमराजनं ते पाहिलं आणि त्याच्या डोक्यात तिडीक गेली. त्यानं दोरा हिसडला. दोरा तिच्या कातडीत रुतून तुटला. चिंधी सरळ चुलीत गेली.

प्रभावतीनं जाळात हात घातला. चिंधी ओली होती, पण जाळ रसरसलेला होता. हाती राहिला तो काळा चुरा आणि भाजलेली बोटं.

"गिरजाचं बी होतं थे," ती म्हणाली. आवाज चढवून नाही. साधंच, मीठ संपलं म्हणावं तसं. "कांद्याचं. बाकीचं तुमी देवायसंगं डोहात टाकलं. एवढंच उरलं होतं."

उकंडा उठला आणि निघून गेला.

भीमराज म्हणाला, "तवाच काहून नाही सांगतलं मले?"

"तुमी त्या दिवशी पोटभर जेवले," प्रभावती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून भीमराज कामावर गेला नाही. डोहावर गेला. पाणी उतरलं होतं तरी डोह तो डोहच. कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून तो पायानं तळ चाचपडायचा, बुडी मारायचा, मूठभर गाळ काढून बघायचा. डोहात तर सगळ्या वस्तीचे देव होते. त्याच्या हाताला टाक लागत, शेंदऱ्या दगड लागत, तो ते बघून परत सोडून द्यायचा. काठावर माणसं जमायला किती वेळ लागतो!

"भीमराजभाऊ, देव शोधून राह्यले काय?"

"बायकोनं धाडलं वाटते!"

जो माणूस सर्वांत आधी गाठोडं फेकून छाती काढून उभा राहिला होता, त्याला आता सगळ्यांसमोर हे ऐकावं लागलं. खरं एका वाक्यात सांगता आलं असतं. त्यानं सांगितलं नाही. मान खाली घालून तो गाळ उपसत राहिला. आपल्या बायकोनं हेच बोलणं किती दिवस मुकाट सोसलं, याचा हिशेब त्याला तिथे पाण्यात उभ्या उभ्या कळला.

गाठोडं शेवटी डोहात नव्हतंच. प्रवाहानं ते खालच्या अंगाला नेऊन करंजीच्या मुळ्यांत अडकवलं होतं; पाणी उतरल्यावर ते तिथेच अर्धं चिखलात, अर्धं बाहेर पडून होतं. त्यानं दातांनी गाठ सोडली. वर मरीमायचा पितळी मुखवटा. त्यानं तो काढून पाण्यात ठेवला, फेकला नाही, रागावलासुद्धा नाही. त्याला आता तिच्याशी काही घेणंदेणं नव्हतं. खाली परकराच्या तुकड्याची पुरचुंडी होती.

ती त्यानं दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून घरी आणली. ओल्या अंगानं, भर वस्तीतून.

प्रभावतीनं अंगणात उन्हात बसून पुरचुंडी उघडली. वास आला. भाजलेल्या बोटांनी तिनं तो गोळा हलक्या हातानं सोडवायला सुरुवात केली. काळी टरफलं फुटलेली होती. प्रत्येकातून एकेक मोड बाहेर आलेला होता, बोटाच्या पेराएवढा, आणि मग तपकिरी होऊन सडलेला. चिखलातल्या ओलीनं बी उगवलं होतं. वर यायला वाट मिळाली नाही, एकमेकांत गुंतून ते तिथेच गाठीत मेलं होतं.

"उगवलं होतं," ती म्हणाली. मग परत म्हणाली, भीमराजकडे वळून, "बंदं उगवलं होतं, पाहा न. एकही दाना पोचट नव्हता. किती चांगलं बी केलतं पोट्टीनं."

भीमराजनं एक दाणा उचलला. त्याचा मोड बोटाला चिकटून आला. श्रावणापासून नुसता संतापत आलेला हा माणूस तिथे अंगणात, जाणारे-येणारे बघत असताना, लहान लेकरासारखा हंबरडा फोडून रडला. गिरजे, गिरजे म्हणून रडला.

प्रभावतीनं त्याला उगी म्हटलं नाही. ती तो गोळा सोडवत राहिली, एकेक दाणा वेगळा करून उन्हाकडे धरून बघत राहिली, एखादा तरी जिता असेल म्हणून. ऊन उतरेपर्यंत तिनं सगळे पाहिले. एकही नव्हता.