दिराच्या ट्रकचा पोकळ डबा

धूर तपासणी केंद्रात तिला सगळे वहिनीच म्हणत, रांगेतले ड्रायव्हरसुद्धा. अकरा वर्षं ती छोट्या डिझेल ट्रकांच्या सायलेन्सरमध्ये नळी खुपसून काजळी मोजत होती, आणि एवढ्या वर्षांत माणसांबद्दलचं तिचं मत काही सुधारलं नव्हतं. कुणी लाडीगोडी लावायचं, कुणी मोठ्या ओळखी सांगायचं, कुणी "डिझेलच खराब येतं हो" म्हणून हात वर करायचं. वहिनी यंत्रावरचा आकडा वाचून दाखवायची आणि शिक्का मारायची.

यंदा नियम कडक झाला. धूर गाळणारा डबा शाबूत नसेल तर हलक्या ट्रकला बाजारपेठेत शिरायला बंदी. आणि नेमका त्याच महिन्यात तिच्या सख्ख्या दिराने आपल्या ट्रकचा डबा आतून कापून घेतला.

दीर दुकानांतून घरोघरी फर्निचर पोचवायचा. डबा काजळीने तुंबायचा, गाडी ओढायची नाही. कुणा दीडशहाण्याने तो पोकळ करून दिला, आणि वर इंजिनच्या संगणकात फेरफार करून डिझेलही वाढवून दिलं. रविवारी जेवताना दीर शेखी मिरवत होता.

"वहिनी, गाडी नुसती उडतेय. मोकळा श्वास घेतेय बिचारी."

"ती घेतेय. मागून येणाऱ्यांनी काय करायचं?"

"त्यांनी पुढे निघून जावं की."

स्वतःच्या विनोदावर तो पोटभर हसला. वहिनीचा नवरा ताटात बघत राहिला. धाकट्या भावापुढे तोंड उघडायची वेळ आली की त्याला नेहमीच जास्त भूक लागायची.

मंगळवारी ट्रक केंद्रावर आला. ॲक्सिलरेटर दाबताच मागची भिंत काळी झाली. वहिनीने नापासाचा शिक्का मारला.

"घरचं माणूस म्हणून तरी..." दीर पुटपुटला.

"घरचं माणूस म्हणूनच सांगते भाऊजी, नवा डबा बसवून घ्या."

शुक्रवारी तो पुन्हा हजर. तोच रंग, तीच बनावट, तोच नंबर. इंजिन मात्र मांजरासारखं घुरघुरत होतं. वहिनीने नळी घातली. आकडा अगदी स्वच्छ. दीर रुमालाने मान पुसत म्हणाला, "बघा, तुमचं ऐकलं."

वहिनीचं लक्ष नंबरपाटीकडे होतं. पाटी चेपलेली, जुनाट; स्क्रू मात्र चकचकीत नवे. तिने बॅटरी घेतली आणि चेसिसवर कोरलेला नंबर वाचायला खाली वाकली.

"आता खाली कशाला वाकता वहिनी? कंबर धरेल. कागदावर आहे ना नंबर."

"कागदावरचा पाठ झालाय मला."

ती उठली, हात पुसले आणि चेसिसवरचा आणि कागदावरचा, दोन्ही नंबर सगळ्या रांगेला ऐकू जातील असे वाचून दाखवले. शेवटचे आकडे जुळत नव्हते. ट्रक शेजारच्या गोदामवाल्याचा होता, "जरा कपाट हलवायचंय" असं सांगून आणलेला.

केंद्राचा मॅनेजर धावत आला आणि तिला बाजूला घेऊन म्हणाला, "घरातलाच मामला आहे, कानाडोळा करा ना." वहिनीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो टेबलावरचे कागद उगाचच नीट लावायला लागला. मग तिने दिराच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला. रांगेतल्या चौदा ड्रायव्हरांच्या देखत, उकिडवं बसून, त्याला आपल्या पाट्या काढाव्या लागल्या. अहवालात तिने घडलं तसं लिहिलं.

रात्री जेवणं उरकली. ताट सरकवत नवरा म्हणाला, "घरातल्या घरात मिटवता आलं असतं."

"आलं असतं. रविवारी तुम्ही समोरच बसला होतात."

आठ दिवसांत दिराच्या ट्रकच्या काचेवर पासाची चिठ्ठी झळकली. पलीकडच्या चौकातल्या केंद्रातली. तिथे खाली वाकणारं कुणी नव्हतं. गाडी पाहायलासुद्धा कुणी खुर्चीतून उठलं नव्हतं. दीर मुद्दाम वहिनीच्या दारावरून हॉर्न वाजवत जायचा. वहिनीने खिडक्या लावून घेतल्या. राग तिला आला होताच, पण त्याहून कीव जास्त आली होती, आणि कीव करावी लागते याचा राग वेगळा.

दोन महिन्यांनी, पाच कपाटं लादून चढ चढताना ट्रक बसला. इंजिनात हवा कोंबणारा टर्बोचा पंखा जळून गेला होता. मेकॅनिकने स्वच्छ सांगितलं, "डिझेल वाढवून भाजलंत तुम्ही त्याला. डबा आणि मूळची सेटिंग परत बसवणार असाल तर हात लावतो, नाहीतर ढकलत न्या." जे कायद्याला, वहिनीला आणि रस्त्यावरच्या खोकणाऱ्या माणसांना जमलं नव्हतं, ते एका जळक्या पंख्याने केलं.

नवा डबा लागला तसा दीर केंद्रावर आला, या वेळी आपलाच ट्रक घेऊन. आकडा चांगला आला. वहिनीने शिक्का मारला. तो मात्र हलेना. रांगेतल्यांना काजळी फुफ्फुसात कशी बसते, लहान मुलांना किती त्रास होतो, हे तो तळमळीने समजावत होता. मग वहिनीकडे वळून म्हणाला, "त्या पलीकडच्या केंद्राची तक्रार करा हो तुम्ही. वाटेल ती गाडी पास करतात. कुणाला जबाबदारीच नाही."

वहिनी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तो थट्टा करत नव्हता. तिने ड्रॉवरमधून कोरा तक्रार अर्ज काढला, पेनाचं टोपण उघडलं आणि दोन्ही त्याच्यापुढे सरकवलं.

"तुम्हीच लिहा भाऊजी. पास केलेल्या गाडीच्या नंबरासकट."

दिराला एकदम आठवलं की कुणाचा तरी पलंग पोचवायचा राहिलाय.