माझ्या पोटातल्या चौसष्ट बिया

मित्रांनो, मी एक जुना, फणसाच्या लाकडाचा पाट आहे. जेवायला बसायचा पाट नव्हे. माझ्यावर कुणी बसलं तर मला राग येतो. मी ओम्वेसो या खेळाचा पाट आहे. माझ्या अंगावर बत्तीस खळगे आहेत, आठ-आठच्या चार ओळींत. दोन जण समोरासमोर बसतात, आपल्या खळग्यातल्या बिया उचलून पुढे एकेक पेरत जातात आणि समोरच्याच्या बिया खातात. सगळ्या मिळून बिया चौसष्ट. नियम याहून पुष्कळ आहेत, पण ते शिकायला आमच्याकडच्या लोकांना अर्धं आयुष्य लागतं, तेव्हा ते राहू द्या.

सध्या माझा मुक्काम आमच्या किसोबा गावच्या पोलीस ठाण्यात, जप्त केलेल्या वस्तूंच्या खोलीत आहे. माझ्या शेजारी एक चाक नसलेली मोटरसायकल आहे आणि विरोधी पक्षाच्या सभेतून उचलून आणलेले सहा कर्णे आहेत. माझ्या अंगाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली आहे. तिच्यावर लिहिलं आहे, 'आक्षेपार्ह लाकूड'. आयुष्यात मला लोकांनी बरंच काही म्हटलं, पण एवढा मोठा किताब कुणी दिला नव्हता. मला त्याचा अभिमान वाटतो.

माझा जन्म कावुमा सुताराच्या अंगणात झाला. त्याच्या दारातला फणस एका वावटळीत पडला. बाकीच्या लाकडाच्या खुर्च्या झाल्या, बुंध्याजवळचा तुकडा कावुमाने स्वतःसाठी ठेवला आणि तीन महिने वाकसाने कोरून मला घडवलं. माझ्या दोन्ही टोकांना त्याने एकेक खोल पोकळी कोरली आणि तिला घट्ट झाकण बसवलं. खेळ संपला की बिया त्यात राहायच्या. अशी झाकणं दुसऱ्या कुठल्याच पाटाला नव्हती. लोक आंब्याखाली जमायचे आणि आधी माझ्या झाकणांचं कौतुक करायचे, मग खेळायला बसायचे.

आमच्याकडे बायकांनी ओम्वेसो खेळायचा नाही अशी जुनी रीत. बाई खेळायला बसली की घर उपाशी राहतं म्हणे. कावुमाला एकच मुलगी, नामुयांजा. त्याने चुलीवर हिरवी केळी स्वतः वाफवायला ठेवली आणि मुलीला माझ्यासमोर बसवलं. शेजारी हसले. दहाव्या वर्षी ती त्या शेजाऱ्यांना हरवू लागली, तेव्हा हसणं बंद झालं.

मग कावुमा गेला आणि नामुयांजा राजधानीत शिकायला गेली. माझे वाईट दिवस आले. मी कपाटावर पडलो. माझ्या खळग्यांत कुणी लसूण ठेवला, कुणी गंजलेले खिळे ठेवले. एका कोपऱ्याला वाळवी लागली. पण ते सोडा, रडगाणं गायला मी तुम्हाला बोलावलेलं नाही.

राजधानीत नामुयांजा विद्यापीठात शिकवायला लागली. लोकांची मतं कशी विचारायची, हे ती शिकवायची. एकदा तिने लोकांना विचारलं, तुम्ही राष्ट्रपतींवर खूश आहात का? उत्तर जसं आलं तसं तिने छापलं. त्याच आठवड्यात नोकरी गेली. कावुमाने मला कोरलं तेव्हा जे राष्ट्रपती होते, तेच आजही आहेत. मी जुना झालो, ते मात्र झाले नाहीत, असं रेडिओ सांगतो.

नामुयांजा किसोबाला परत आली. पाठोपाठ निवडणूक आली. सरकारी वर्तमानपत्राने छापलं, 'किसोबात विरोधी पक्षाचा एकही कार्यकर्ता उरलेला नाही. मार खाऊन सगळे थकले.' विरोधी पक्षाचे राजधानीतले पुढारी म्हणाले, 'किसोबातला एकेक कार्यकर्ता लढायला तयार आहे.' दोघांपैकी एकानेही किसोबात येऊन कुणाला विचारलं नव्हतं. नामुयांजाने ठरवलं, मी विचारते.

आधी ती वही घेऊन गेली. किगुंडू हा मोटरसायकलवरून प्रवासी नेणारा, पक्षाचा जुना कार्यकर्ता. तो तिला म्हणाला, "ताई, तू चांगली आहेस. पण ती वही आधी पिशवीत घाल."

"नाव नाही लिहिणार, किगुंडू."

"माझे दोन दात याच गावच्या ठाण्यात पडले. तेव्हाही साहेबांच्या हातात कागदच होता. आता कागद दिसला की माझी जीभ आपोआप आत जाते."

बाकीचे याच्याही पुढचे. कुठलाही प्रश्न विचारा, ताठ उभे राहून सांगायचे, "पक्ष म्हणेल तेच माझं मत." नामुयांजा घरी येऊन डोकं धरून बसली. मग तिची नजर कपाटावर गेली. तिने लसूण काढला, खिळे काढले आणि मला तेल लावलं. मित्रांनो, तो तेलाचा हात मी विसरलेलो नाही.

तिची रीत अशी होती. मला घेऊन ती कार्यकर्त्याकडे जायची आणि एक डाव मांडायची. खेळता खेळता गप्पा व्हायच्या. पोलिसांच्या दृष्टीने काय, दोन माणसं खेळत बसली आहेत. डाव संपला की ती एका वेगळ्या पिशवीतून एक बी त्याच्या हातात द्यायची आणि म्हणायची, "पक्षाचं मत मला माहीत आहे. तुझं सांग. उमेदवार उभा करावा वाटत असेल तर बी डाव्या पोकळीत. यावेळी घरी बसावं वाटत असेल तर उजव्या. काहीच सांगायचं नसेल तर बी घेऊन घरी जा." मग ती पाठ फिरवायची. झाकण लागल्याचा आवाज आला की वळायची आणि झाकणं केळीच्या सोपटाने बांधायची. खेळाच्या बिया आता माझ्या पोकळ्यांत नाही, तिच्या पिशवीत राहायच्या. चौसष्ट जण झाल्याशिवाय मोजायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. रोज मोजलं असतं, तर कालच्या माणसाने काय सांगितलं ते तिला कळलं असतं. ते तिला कळायलाच नको होतं.

कळत होतं ते फक्त मला.

काय काय पाहिलं मी! सभेत छाती ठोकून घोषणा देणारा एक जण बी हातात घेऊन इतका वेळ बसला की नामुयांजाची मान अवघडली. कधी तोंड न उघडणाऱ्या एका शिंपिणीने मात्र डोळ्याचं पातं लवायच्या आत बी टाकलं. कुठल्या बाजूला? ते मी सांगणार नाही. तुम्ही लाडीगोडी लावलीत तरी नाही.

चौसष्टावी होती नाबुकेन्या आजी. सरोवराकाठी मासे धुरावर सुकवून विकायची. तिचा मुलगा मागच्या निवडणुकीत पोलिसांच्या गाडीतून गेला तो परत आलाच नाही. ती माझ्यासमोर बसकण मारून बसली.

"आजी, तुम्ही खेळता?" नामुयांजाने विचारलं.

"खेळू नको म्हणणारा नवरा गेला, सासराही गेला. आता खुद्द राष्ट्रपती सांगणार असतील तर येऊ दे त्यांना. मासे खाऊन जातील."

तिने नामुयांजाला सपाटून हरवलं. मग बी घेतलं आणि म्हणाली, "फिर तिकडे, पोरी. आणि चोरून बघू नकोस, माझे डोळे अजून चांगले आहेत."

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी नामुयांजाला माहीत नव्हती आणि जिच्यामुळे माझा जीव टांगणीला लागला होता. आमच्या गावात प्रत्येक खेळाडूचं एक ठेवणीतलं बी असतं. हातात खेळून खेळून गुळगुळीत झालेलं, कुणाचं कडेला जळलेलं, कुणाचं भोक पाडून दोऱ्यात ओवलेलं. ते सोबत असलं की डाव लागतो, अशी समजूत. परक्या बीने दिलेलं मत आपलं कसं होईल, असं या सगळ्यांना वाटलं. नामुयांजाची पाठ फिरली की तिने दिलेलं बी खिशात जायचं आणि ठेवणीतलं बी माझ्या पोटात यायचं. एकाने केलं असतं तर ठीक. जवळजवळ सगळ्यांनी केलं! आजीच्या बीला तर तिच्या मुलाने लहानपणी पत्र्याची बारीक कडी बसवलेली होती. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, अरे शहाण्यांनो, हे बी म्हणजे तुमचं नाव आहे! पण लाकडाला तोंड नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नामुयांजा मोजायला बसणार, तोच पोलीस दारात आले. इन्स्पेक्टर मुहेरेझा पुढे होते. गावात कुणीतरी चुगली केली होती. ठाण्यात आणून त्यांनी मला टेबलावर ठेवलं, सोपट कापलं आणि झाकणं उघडली. साहेब स्वतः ओम्वेसोचे अट्टल खेळाडू. एकच क्षण पाहिलं आणि हसले.

"वा, मॅडम! तुम्ही नावं लिहिली नाहीत. लोकांनी स्वतःच दिली की."

नामुयांजाने पोकळीत पाहिलं. कडीवालं बी पाहिलं, जळकं बी पाहिलं. तिचा चेहरा उतरला. ती बिया पहिल्यांदाच पाहत होती.

"बाजारात विचारलं की तासाभरात कळेल कुठलं बी कुणाचं," साहेब म्हणाले. "या बाजूचे अजून उड्या मारतायत, त्यांना आत टाकतो. त्या बाजूचे दमलेत, त्यांना विकत घेतो. आमचं अर्धं काम तुम्हीच केलंत." आणि त्यांनी हवालदाराला हाक मारली, "दोन मोठी पाकिटं आण. डावं-उजवं लिहून सील करू."

"साहेब, ठाण्यात पाकिटं नाहीत. मार्चपासून संपलीत."

"मग दुकानातून आण!"

हवालदार गेला. साहेब बोटांनी टेबल वाजवत बसले. खेळाच्या बिया घरीच राहिल्या होत्या, माझे खळगे रिकामे होते, मतांच्या बिया पोकळ्यांत होत्या आणि नामुयांजा माझ्याकडे एकटक बघत होती. मग ती सहज म्हणाली, "ऐकलंय, बराकीत तुम्हाला कुणी हरवू शकत नाही."

"खरं आहे."

"बराकीत खेळणारे सगळे तुमच्या हाताखालचेच ना?"

दारातले दोन शिपाई खाली बघायला लागले. त्यांना हसू आवरत नव्हतं.

साहेब म्हणाले, "बाईमाणसाने ओम्वेसोबद्दल बोलू नये."

"मग हरवून गप्प करा. दुकान लांब आहे, हवालदाराला वेळ आहे. की नको? राहू द्या. भीती वाटणं साहजिक आहे."

मित्रांनो, माणूस कितीही मोठा अधिकारी असो, चार लोकांसमोर त्याला असं म्हटलं की संपलंच. साहेबांनी टोपी काढली. डाव मांडायला दोघांना बत्तीस-बत्तीस बिया लागतात. साहेबांनीच दोन्ही पोकळ्या माझ्यावर उपड्या केल्या आणि बिया वाटल्या. नामुयांजाने लगेच पहिली मूठ उचलली.

ती खेळली, आणि काय खेळली! लवकर हरली असती तर साहेबांना शंका आली असती. जिंकली असती तर त्यांनी पाट फेकला असता. ती प्रत्येक बी माझ्या अंगावरून दोन-तीनदा फिरेल असं खेळली. जळकं बी इकडून तिकडे गेलं, कडीवालं परत इकडे आलं. त्या एकेका चालीबरोबर तिचं चार महिन्यांचं काम पुसलं जात होतं. तिने ते अजून मोजलंही नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, साहेबांना वाटलं हरतेय म्हणून.

"हरलात!" साहेब ओरडले. शिपायांनी टाळ्या वाजवल्या.

"हरले," नामुयांजा म्हणाली. "तुम्ही खरंच चांगले खेळता."

तेवढ्यात हवालदार धापा टाकत आत आला. "साहेब, आणली पाकिटं. आता कुठल्या बिया कुठल्या पाकिटात?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. डावीकडच्या आणि उजवीकडच्या बिया सगळ्या एकमेकींत मिसळून पडल्या होत्या.

त्याची किंमत नामुयांजाने मोजली. एक्केचाळीस दिवस तिला कोठडीत ठेवलं आणि तिचं डावं मनगट मोडलं. तरी ती एकच वाक्य सांगत राहिली, "माझी पाठ फिरलेली होती, मला माहीत नाही." आणि ते खरंच होतं.

तिला पकडल्याच्या तिसऱ्या दिवशी नाबुकेन्या आजी ठाण्यात आली. गावभर बातमी पोचली होती. तिने काउंटरवर माशांची टोपली ठेवली आणि म्हणाली, "माझं बी द्या."

"कुठलं बी?" साहेब सावध झाले.

"पत्र्याची कडी असलेलं. माझ्या लेकाने बसवली होती. त्याला तुम्ही नेलंत, निदान बी तरी द्या."

"म्हणजे तू विरोधी पक्षाची! मत दिलंस! कुठल्या बाजूला?"

"ते तुम्ही सांगा. बिया तुमच्याकडे आहेत ना? इतके छान खेळता म्हणे तुम्ही."

तिच्यामागून किगुंडू आला. मग ती न बोलणारी शिंपीण आली. दुपारपर्यंत रांग रस्त्यापर्यंत गेली. साहेबांनी चिडून प्रत्येकाचं नाव लिहून घ्यायला लावलं. हवालदार लिहीत गेला, लिहीत गेला आणि शेवटी डोकं खाजवत म्हणाला, "साहेब, बिया चौसष्ट आहेत. मागणारे एकशे सात झालेत."

ज्यांनी कधी बी टाकलंच नव्हतं, तेही रांगेत येऊन उभे राहिले होते. ज्या गावात एकही कार्यकर्ता उरला नाही असं छापून आलं होतं, त्या गावातल्या एकशे सात जणांची यादी खुद्द ठाण्यातच तयार झाली, आणि त्यातलं कुणाचं बी माझ्या पोटात होतं, कुणाचं नव्हतं, हे त्या यादीवरून कुणालाच कळेना.

मी दाराच्या फटीतून ती रांग पाहत होतो. मला प्रत्येकाची बाजू माहीत होती. डावीकडे टाकणारा आणि उजवीकडे टाकणारा एकमेकांना खेटून उभे होते, एकाच भुट्ट्यातले दाणे वाटून खात होते.

मित्रांनो, नामुयांजाला तिचं उत्तर कधी मिळालं नाही. आकडा फक्त माझ्याजवळ आहे आणि माझ्यासोबतच तो वाळवीच्या पोटात जाईल. पण एवढं सांगतो, की चौसष्ट जणांच्या हातात बी ठेवलं गेलं आणि त्यातला एकही जण मत न देता घरी परत गेला नाही. तुमच्याजवळ कुणी विश्वासाने आपलं मत ठेवलं, तर ते जपा. ते पटो वा न पटो, ज्याने ठेवलं त्याच्याशिवाय कुणाच्या हाती देऊ नका. आणि घरात कपाटावर एखादा जुना पाट पडला असेल, तर त्याच्यातला लसूण काढा आणि त्याला एकदा तेल लावा.

माझ्या खटल्याला अजून तारखा पडत आहेत. आजी दर मंगळवारी येते, काउंटरवर टोपली ठेवते आणि बी मागते. मुहेरेझा साहेब मान वर न करता सांगतात, "केस चालू आहे, आजी."

"चालू दे," आजी बाकावर बसत म्हणते. "मी कुठे जातेय?"